एका बॅलन्ससाठी नांदेडपर्यंत

मार्च महिन्यात पाच दिवसांची रजा टाकून मी साताऱ्याहून लातूर-नांदेडला जाऊन आले. अर्जावर कारण ‘घरगुती काम’ असं लिहिलं. खरं कारण लिहिलं असतं तर लॅबमधल्या मुली वर्षभर हसल्या असत्या. मी एक चाक शोधायला गेले होते. शर्टाच्या बटणापेक्षा लहान, मध्ये केसाहून बारीक कमान असलेलं. मनगटी घड्याळात डावी-उजवीकडे झुलत असतं ते. त्याला बॅलन्स म्हणतात.

जुन्या घड्याळांचे सुटे भाग जमवून त्यांतून एक चालतं घड्याळ उभं करायचं, हा माझा सहा वर्षांचा नाद. एकाची डबी, दुसऱ्याची डायल, तिसऱ्याचे काटे आणि चौथ्याची मशीन, म्हणजे आतली चाकं. सगळी चावीची घड्याळं, सेलवाली नाहीत. अशी चार मी पुरी केली. पाचव्याला स्टीलची डबी पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली, देवनागरी आकड्यांची पांढरी डायल एका भाच्याने दिली, मशीन एका भंगारवाल्याकडे सापडली. मशीनला बॅलन्स तेवढा नव्हता.

एरवी मी दोन वर्षंसुद्धा थांबले असते. पण आता थांबायला वेळ नव्हता. पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं मी लोकांचं रक्त काढलं. तान्ह्या बाळाची शीरही मला एका टोचण्यात सापडायची. गेल्या वर्षी माझा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे वाढत जाणार. लॅबने मला काउंटरवर बसवलं. तिथे मी दिवसभर नावं लिहून घेते आणि संध्याकाळी, काही न करता, थकून घरी येते. पाचवं घड्याळ माझ्या हाताने पुरं होणारं शेवटचं, हे मला कळत होतं. ते तरी व्हावं, एवढंच मनात होतं.

लातूर

पुण्यात बॅलन्स मिळाला नाही, आणि लातूरच्या बाजारात घड्याळाची जुनी दुकानं आहेत असं तिथे राहणारी माझी कॉलेजची मैत्रीण शोभा म्हणाली होती. तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर व्हायला निघालेल्या सहा मुली भाड्याने असतात. जिन्यात चपलांचा ढीग, गच्चीत सुकणारे सहा टॉवेल आणि पहाटेपासून पाठांतराचा आवाज. आमच्या साताऱ्यात मुलं सकाळी तालमीत नाहीतर घाटात पळायला जातात. इथे सगळी क्लासला पळतात.

शोभाने सकाळी सुशीला केली. मुरमुरे भिजवून पिळून, कांदा, शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची घालून परततात. मी आधी पोहेच समजले. 

“कप असा का धरलायस?” शोभाने विचारलं.

“गरम आहे,” मी म्हटलं. दोन्ही हातांनी धरला होता.

तिने माझ्या बशीत आणखी सुशीला वाढली.

उन्हं चढायच्या आत आम्ही गंजगोलाईत गेलो. गोल बाजार आणि त्याला चोहीकडून येऊन मिळणारे रस्ते. एका रस्त्यावर भांडी, एकावर सोनं, एकावर नुसती गोणपाटं. घड्याळाची म्हणून सांगितलेली तीन दुकानं होती. दोघांनी मोबाइलची कव्हरं लावली होती. तिसऱ्यातले पांढऱ्या मिशांचे गृहस्थ माझी मशीन भिंगाखाली धरून बघत राहिले.

“बॅलन्स न्हाई याला.”

“तोच हवा आहे.”

“बाई, मी सेल बदलतो आन पट्टे इकतो. ह्या मशीनी मी दहा वर्सांत उघडल्या न्हाईत.” मग त्यांनी मशीन परत कागदात गुंडाळून दिली. घडी इतकी नीट घातली, की कधीकाळी यांनी हेच काम केलेलं असणार हे कळत होतं. “नांदेडला जावा. वजिराबादला एक बाई बसती घड्याळाची. तिचे मालक माझे दोस्त. ते गेले, पन सामान लई जपलं होतं त्यांनी. कौसल्याबाई म्हना, कुनी बी सांगंल.”

बाई घड्याळं दुरुस्त करते हे ऐकूनच मी दुसऱ्या दिवशीची नांदेडची एसटी पकडायचं ठरवलं.

अहमदपूर

एसटी अहमदपूरच्या स्टँडवर बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरून इंजिनाकडे एकदा बघून आला आणि सगळ्यांना म्हणाला, “दुसरी येऊन राहिली, बसा.” दुसरी कधी, ते कुणी विचारलं नाही. मला बरं वाटलं. आमच्याकडे एव्हाना चार जणांनी आवाज चढवला असता.

स्टँडसमोरच्या हॉटेलात मी चहा घेतला आणि तिथेच मूर्खपणा केला. सुट्या भागांची पत्र्याची डबी ठीक आहे का, ते बघायला टेबलावर उघडली. हात हलला. डबी उलटली आणि स्क्रू, काटे, चावी, सगळं फरशीवर गेलं.

मी खाली बसले. घड्याळाचा स्क्रू मोहरीच्या दाण्याहून लहान असतो, आणि फरशीही करड्या ठिपक्यांची. मला उठावंसंही वाटेना. शेजारच्या टेबलावर एक मध्यमवयीन बाई बाजाराची पिशवी घेऊन बसली होती. ती उठली आणि हॉटेलवाल्याला दरडावली, “झाडू मारू नको रे! कोनी पाय हलवू नका.” मग माझ्या शेजारी उकिडवी बसली. बोट पाण्यात बुडवून ती एकेक कण टिपायला लागली. “तांदळातले खडे येचते ना मी, नजर हाय मला,” म्हणाली.

पाऊण तास आम्ही दोघी फरशीवर होतो. सगळं सापडलं, सेकंदाचा काटा सोडून. तिने विचारलं, “त्याच्याबिगर चालंल का?” मी म्हटलं, चालेल. “मंग रडू नका,” ती म्हणाली. मी रडतेय हे मला तोवर माहीत नव्हतं. तिची जवळच्याच शिरूरची गाडी आली आणि ती गेली. नाव विचारायचं राहून गेलं.

नांदेड

कौसल्याबाईंचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली फळी. वर पत्रा, पुढे काचेची पेटी, मागे साठीच्या आसपासची बाई, निळं लुगडं, कपाळावर वर सरकवलेलं भिंग. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली सात घड्याळं, सगळी एकच वेळ दाखवणारी. मी पहिल्यांदा तेच बघितलं.

मी मशीन पुढे केली आणि लातूरचा निरोप सांगितला. त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं.

“कोनी जोडली ही?”

“मी.”

“तुम्ही?” त्यांनी भिंगासकट माझ्याकडे बघितलं. “चाकं चांगली बसवली. तेल जास्ती झालं.”

सहा वर्षांत माझ्या कामाबद्दल कळणाऱ्या माणसाने बोललेली ही पहिली दोन वाक्यं. त्यांनी पत्र्याचा एक डबा पालथा घालून दिला, “बसा, दमल्यावानी दिसून राहिल्या.”

खरंच त्यांच्याकडे सामान होतं. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटल्यांत स्क्रू, काडेपेट्यांत चाकं. पण त्या मशीनचा सुटा बॅलन्स नव्हता. शेवटी त्यांनी खालचा खण ओढला. त्यात लोकांनी दुरुस्तीला टाकलेली आणि न नेलेली घड्याळं होती. प्रत्येकाच्या पट्ट्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. माझ्यासारख्याच मशीनचं एक घड्याळ त्यांनी उघडून दाखवलं. आत पाणी जाऊन चाकं तांबडी झाली होती. त्या गंजात बॅलन्स मात्र कोरा, चकचकीत.

“माझ्या मालकानं टाकलता नवा. बाकीची चाकं मागवली आन ते आजारी पडले. नऊ-दहा वर्सं झाली, त्यांच्या हातचं शेवटचं काम हे.”

“मला द्याल?”

“न्हाई.” त्यांनी झाकण लावलं. “घड्याळ गिऱ्हाइकाचं हाय.”

“पण नऊ-दहा वर्षं झाली ना?”

“झाली की. म्हनून काय आपलं झालं का?” त्यांनी चिठ्ठी माझ्याकडे वळवली. मारोती, रेल्वे गेट, इस्लापूर. फोन नंबर नाही. “मानूस हाय का गेला, ते बी म्हाईत न्हाई. त्यानं हाव म्हनलं तर घेऊन जा. मी बिनइचारता फोडनार न्हाई.”

मला त्यांचा राग आला. लॉजवर जाऊन पडले तरी तो गेला नाही. इतक्या लांब येऊन, हातात येऊन, न मिळणारं चाक. परतीची गाडी बघावी असं खूप वाटलं. सकाळी उठून मी किनवटकडची एसटी धरली.

इस्लापूर

भोकर, हिमायतनगर मागे पडल्यावर पळस दिसायला लागला. पानं झडलेली आणि झाडं नुसती केशरी. मोहाची झाडं आली तसा खिडकीतून एक गोडसर, जड वास यायला लागला. आमच्या सह्याद्रीसारखी उंची इथे नाही, डोंगर बसके आणि पसरलेले. एसटीत माझ्या मागे दोन बायका मराठीत भांडत होत्या आणि शिव्या तेलुगूत देत होत्या.

इस्लापुरात गेटमन मारोतराव कुठे राहतात हे पहिल्याच पानटपरीवर कळलं. लिंबाखालचं पत्र्याचं घर. बाजेवर ऐंशीकडे झुकलेले, उंच हाडाचे गृहस्थ बसले होते. डावा हात मांडीवर, उशी ठेवावी तसा ठेवलेला. मी नांदेडच्या घड्याळवाल्या बाईंचं नाव घेताच ते म्हणाले, “झालं का माझं घड्याळ? लई वर्सं लावली.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांची बायको, चंद्रभागाबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी खरं काय ते सांगितलं. घड्याळ झालेलं नाही, चाकं गंजली आहेत, एक भाग चांगला आहे आणि तो मला हवा आहे.

चंद्रभागाबाई म्हणाल्या, “द्या ना मग. तुमाला काय करायचं?”

“काय करायचं म्हंजी? माझं हाय ते.” त्यांचा आवाज चढला. “पस्तीस वर्सं मी ते बघून फाटक लावलं. त्याला फोडा म्हनू का?”

मी पिशवी उचलली. उठायला लागले तर चंद्रभागाबाईंनी बसवलं. “जेवल्याबिगर कुठं?” ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी. आंबाडी आंबट, वरून लसणाची फोडणी. आमच्याकडे ती क्वचित मिळते. मी दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले. नंतर कपबशीत चहा आला. कप बशीवर वाजायला लागला. मी दुसऱ्या हाताने दाबला, तरी वाजत राहिला.

“हाताला काय झालं?” मारोतरावांनी विचारलं.

शोभाला नाही, घरी भावाला नाही, कुणालाच मी हे धड सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं. रक्त काढायचं काम गेलं ते, काउंटर, हे घड्याळ शेवटचं असणार ते.

त्यांनी ऐकून घेतलं. उजव्या हाताने डावा हात उचलून मला दाखवला आणि परत मांडीवर ठेवला. “माझा एका सकाळी गेला. दात घासता घासता. म्हनून तर घड्याळ आनायला गेलो न्हाई. बांधायचं कशावर? तुमचा हळूहळू चाललाय. कोन्तं बरं?”

“मला नाही माहीत.”

“मला बी न्हाई,” ते म्हणाले. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, मग एक ट्रॅक्टर. “मशीन न्या. तिच्यातलं लागंल ते काढा. पन तोंड मला द्या. डबी, काटे, आकडे जसंच्या तसं. मी बघायचो ते तेवढंच.”

चंद्रभागाबाईंनी शाळेत जाणाऱ्या नातीच्या वहीच्या पानावर चार ओळी लिहिल्या, मारोतरावांनी खाली सही केली. खाली चंद्रभागाबाईंनी आपला फोन नंबर टाकला. निघताना म्हणाल्या, “एवढ्या दुरून आल्या तर सहस्रकुंडचा धबधबा बघून जा.” मी रिक्षाने गेले. पावसाळ्यात तिथे उभं राहवत नाही म्हणतात. मला दिसला तो काळा, भोकं पडलेला खडक आणि त्यावरून घसरणारी पाण्याची एक बारीक धार. त्या खडकावर मी अर्धा तास बसले. काही सुचलं नाही, काही वाटलं नाही. नुसतं बसायला मिळालं, ते चांगलं झालं.

पुन्हा नांदेड

सही बघून कौसल्याबाईंनी मान हलवली, मारोतरावांचं घड्याळ काढलं आणि बॅलन्स सोडवून बशीत ठेवला. “बसवू का?”

“मी बसवते.”

त्यांनी माझ्या हाताकडे एकदा बघितलं, पण चिमटा दिला.

बॅलन्स बसवताना चिमट्यात त्याला वरून धरणारी पट्टी पकडतात. चाक खाली कमानीला लोंबत असतं. ते हळूच आत उतरवायचं, टोक मशीनमधल्या इवल्या लाल खड्याच्या भोकात बसलं की चाक आपोआप झुलायला लागतं. हे मी चार वेळा अनुभवलं आहे. मेलेलं यंत्र त्या क्षणी श्वास घेतं. मी कोपर फळीवर टेकवलं, श्वास रोखला, उतरवलं. टोक भोकाच्या कडेवर आलं होतं. आणि हात उडाला.

कमान मधल्या चाकात अडकली. ती सोडवायला मी वर ओढलं. ओढायचं नसतं, हे मी दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं. वर आली ती कमान नव्हती, गुंता होता.

कौसल्याबाईंच्या मालकाने बसवलेलं, मारोतरावांनी मनावर दगड ठेवून दिलेलं, ते मी एका क्षणात बिघडवलं होतं.

कौसल्याबाईंनी गुंता पांढऱ्या कागदावर ठेवला, भिंग ओढलं. “बालकमानी हाय, केसावानी बारीक. तुटली न्हाई, वाकली. बघू.” समोर आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, “आज न्हाई, उद्या या.” दोन सुया घेऊन त्या कामाला लागल्या. बाहेरचा वळसा सोडवायचा, सपाट करायचा, पुढचा धरायचा. साडेअकराला बसल्या त्या तीन वाजता उठल्या. मध्ये एकदा पाणी मागितलं, तेवढंच बोलणं. मी डब्यावर बसून होते. त्यांच्या सुया बघताना माझा स्वतःचा हात मी मांडीखाली धरून ठेवला होता.

त्यांनीच बॅलन्स उतरवला. चाक झुललं.

“थोडी कसर राहिली,” त्या म्हणाल्या. “दिसाला चार मिनिटं मागं पडंल.” मग डायल लावली, माझ्याकडे वळल्या. “काटे तुम्ही बसवा.”

“नको.”

“नको कसं? एवढं हिंडल्या ते कशापायी?” त्या माझ्यामागे आल्या. माझं मनगट दोन्ही हातांत घट्ट धरून त्यांनी फळीवर दाबलं, सुतार फळी धरतो तसं. “आता करा. फक्त बोटं हलवा.”

तासकाटा बसला. मिनिटकाटा दोनदा घसरला, तिसऱ्यांदा बसला. सेकंदाचा माझ्याकडे नव्हताच. त्यांनी काडेपेटीतून एक लाल काढून दिला, भलत्याच घड्याळाचा. तो बसवताना माझं मनगट त्यांच्या मुठीत थरथरत होतं आणि बोटं स्थिर होती. एवढं जवळ येऊन मला कुणी धरलं त्याला बरीच वर्षं झाली असतील. तो काटा फिरायला लागला तेव्हा आम्ही दोघी हसलो, अगदी थकलेलं, पण हसलो.

मारोतरावांचं रिकामं घड्याळ कौसल्याबाईंनी पुसलं, काच घासली, नवा पट्टा लावला. इस्लापूरकडे जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे ते द्यायचं ठरलं. मी चंद्रभागाबाईंच्या नंबरवर फोन लावून मारोतरावांना द्यायला सांगितलं. मी बिघडवलं, कौसल्याबाईंनी नीट केलं, चार मिनिटं मागे पडतं, हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आमची पॅसिंजर घंटा घंटा मागं यायची. चार मिनिटांचं काय घेऊन बसल्या?”

परतीच्या गाडीत मी जवळजवळ पूर्ण वेळ झोपले. साताऱ्याला उतरल्यावर स्टँडच्या घड्याळाशी मिळवून बघितलं. कौसल्याबाईंचा अंदाज बरोबर होता.

आठवड्याने मी माझे चिमटे, स्क्रूड्रायव्हर, तेलाच्या बाटल्या आणि उरलेलं सगळं सामान एका खोक्यात भरलं आणि नांदेडला पाठवून दिलं. पाठवताना वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. सहा वर्षांचं सामान, आणि खोकं भरायला अर्धा तास लागला. माझ्यापाशी पडून गंजण्यापेक्षा तिथे कामाला येईल असं चिठ्ठीत लिहिलं.

चार दिवसांनी लॅबमध्ये काउंटरवर असताना कौसल्याबाईंचा फोन आला. समोर रक्त द्यायला आलेल्यांची रांग होती. मी फोन खांद्यात धरला.

“खोकं पोचलं,” त्या म्हणाल्या. “चिमटे लई चांगले हायेत. पन एक सांगा, तुम्ही चिठ्ठीत असं कामून लिवलं? मी बालकमानी सोडवते, डायल-काटे तुम्ही बसवावेत, असं मी धरून चालले होते.”

“मला जमतंय कुठे आता?”

“धरायला मी हाय ना,” त्या म्हणाल्या. “पत्र्याच्या डब्यावर कंबर दुखती मान्साची. म्हनून दुसरं स्टूल आनून ठेवलंय. मे महिन्यात या.”